गडचिरोलीतले नाले, बोड्या आणि बांध्या : डासांच्या जागा नकाशावर आणताना

महाराष्ट्रातल्या हिवतापाचा मोठा भार वर्षानुवर्षं गडचिरोली जिल्ह्यावर आहे, आणि त्यातही फॅल्सिपेरम हा हिवतापाचा जिवावर बेतणारा प्रकार तिथे जास्त. भामरागड, एटापल्ली, धानोरा, कोरची या तालुक्यांत पावसाळ्यात नाला भरला की टोल्याचा, म्हणजे गावापासून सुट्या असलेल्या वस्तीचा, रस्ता तुटतो. मग तापाने फणफणलेल्या पोराला प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यायचं तर पाणी उतरण्याची वाट बघावी लागते. म्हणून डास कुठे आणि कधी तयार होतात हे ताप येण्याआधीच माहीत असलं पाहिजे. एका उपकेंद्राच्या हद्दीतली गावं आणि टोले घेऊन आम्ही डासोत्पत्तीच्या जागांचा नकाशा तयार केला. ते काम कसं करायचं, कुठे अडतं आणि का अडतं, ते इथे मांडतो आहोत. गावांची नावं मुद्दाम दिलेली नाहीत.

पाणी दिसलं की त्यावर बिंदू ठेवायचा, असा नकाशा कुणीही काढेल. त्याचा हिवतापाशी संबंध जोडायचा तर प्रत्येक बिंदूला दोन गोष्टी चिकटलेल्या हव्यात : तारीख आणि डासाची जात. या दोन गोष्टी नसतील तर हातात राहते ती पाणवठ्यांची यादी.

जातीपासून सुरुवात करू. हिवताप पसरवतो ॲनॉफिलीस, पण भारतात ॲनॉफिलीसच्या पन्नासहून अधिक जाती आहेत आणि त्यातल्या मोजक्याच खऱ्या वाहक आहेत. गडचिरोलीच्या रानात दोघांवर नजर ठेवायची. पहिला क्युलिसिफेसीस. हा धानाच्या बांध्या (बांध घातलेली भातखाचरं), पावसाची डबकी, कालवे, नदीच्या वाळूत साचलेलं पाणी, रस्त्यासाठी मुरूम काढलेले खड्डे, अशा उघड्या, उन्हातल्या पाण्यात वाढतो. त्याला जनावरांचं रक्त जास्त आवडतं, पण पावसाळ्यात तो इतका माजतो की माणसांच्या वाट्यालाही भरपूर येतो. दुसरा फ्लुव्हिएटिलिस. त्याला हळू वाहणारं, स्वच्छ, काठाला गवत असलेलं नाल्याचं पाणी लागतं. जोरदार पावसात नाले धुऊन निघतात तेव्हा त्याच्या अळ्या वाहून जातात. पाऊस ओसरून नाला संथ झाला, म्हणजे ऑक्टोबरपासून पुढे, की त्याचे दिवस सुरू होतात. एकाच गावाला पावसाळ्यात बांध्यांकडून धोका आणि दिवाळीनंतर नाल्याकडून धोका, असं होतं ते यामुळे. जुलैत एकदाच केलेली पाहणी या गावाचा अर्धाच हिवताप दाखवते.

शहरातलं गणित निराळं. तिथला वाहक स्टीफेन्सी, त्याला विहिरी आणि पाण्याच्या टाक्या लागतात. मुंबईतल्या हिवतापाचा तपास सी. ए. बेंटली यांनी केला तेव्हा, 1911 साली, विहिरींकडेच बोट दाखवलं होतं. गोव्यात आजही बांधकामांवरचं साचलेलं पाणी हाच काळजीचा विषय असतो. शहरातली पद्धत जशीच्या तशी जंगलात आणून चालत नाही, कारण टाकीला झाकण घालता येतं, नाल्याला घालता येत नाही.

कामाचा पहिला भाग टेबलावर होतो. गावाभोवती किती अंतरापर्यंत पाणी शोधायचं? हे डास साधारण एक-दोन किलोमीटर उडतात, म्हणून घरांपासून 500 मीटर, 1 किलोमीटर आणि 2 किलोमीटर अशी तीन कडी काढली. ही कडी गावाच्या मध्यबिंदूपासून काढू नयेत. इथली गावं टोल्यांत विखुरलेली असतात. महसुली नकाशात गावाचा बिंदू जिथे असतो तिथून शेवटचा टोला दोन-तीन किलोमीटर लांब असू शकतो. घरांचे बिंदू आधी उपग्रहाच्या चित्रावरून उचलावेत आणि मग आशाताईंबरोबर बसून टोल्यांची नावं लावावीत. एकाच नावाची दोन गावं एकाच तालुक्यात सर्रास असतात. जनगणनेचा गाव-क्रमांक सोबत ठेवला नाही तर एकाचे रुग्ण दुसऱ्याच्या नावावर जातात.

नकाशे करायचं सॉफ्टवेअर क्यूजीआयएस, फुकट मिळतं आणि पुरतं. मोजमाप मीटरमध्ये हवं, म्हणून प्रक्षेपण (गोल पृथ्वी सपाट नकाशावर आणायची पद्धत) यूटीएमचा 44 उत्तर विभाग ठेवायचा. गडचिरोली 80 अंश रेखांशाच्या आसपास असल्याने याच विभागात येतं. मुंबई-पुण्याच्या कामातली फाइल उघडून पुढे चालवली तर तिच्यात 43 असतो. अक्षांश-रेखांशातच कडी काढायला गेलं तर सॉफ्टवेअर 1000 म्हणजे हजार अंश समजतं. अक्षांश आणि रेखांश यांची अदलाबदल तर नेहमीचीच : 20 आणि 80 उलटे पडले की गडचिरोलीचा टोला उत्तर ध्रुवाजवळच्या स्वालबार्ड बेटांवर जाऊन बसतो. तो निदान चटकन दिसतो. दशांशानंतरचा एक आकडा चुकला तर बिंदू जिल्ह्यातच राहतो आणि कुणाच्या लक्षात येत नाही.

पाणी शोधायला सेंटिनेल-2 या उपग्रहाची चित्रं घेतली. हिरव्या आणि निकट-अवरक्त पट्ट्यांतला फरक त्यांच्या बेरजेने भागला की पाण्याचा निर्देशांक मिळतो, पाणी असेल तिथे तो वर जातो. बोड्या (शेतातली लहान तळी), मामा तलाव (जुने मालगुजारी तलाव), नदीतले डोह यातून व्यवस्थित निघतात. अडचणी तीन. जून ते सप्टेंबर ढग असतात, म्हणजे नेमकं हवं तेव्हा चित्र मिळत नाही. त्या काळासाठी सेंटिनेल-1 ची रडार चित्रं वापरायची, ती ढगातून पाहतात. रोवणीसाठी, म्हणजे धानाची रोपं लावायला, बांध्यांत पाणी भरलं की रडारचा परतावा एकदम घसरतो आणि धान वाढू लागलं की पुन्हा चढतो. कुठल्या पट्ट्यात रोवणी कोणत्या आठवड्यात झाली हे यावरून कळतं. दुसरी अडचण सावल्यांची. ढगाची सावली, डोंगराची सावली, मोहाच्या हंगामात जळालेलं रान हे सगळं पाण्यासारखं भासतं. तिसरी सगळ्यात मोठी. या चित्राचा एक ठिपका 10 मीटर बाय 10 मीटरचा असतो. नाला दोन मीटर रुंद आणि वर ऐन-सागाची दाट झाडी, तर उपग्रहाला तो दिसतच नाही. फ्लुव्हिएटिलिसचं घर नेमकं तेच.

नाल्यांसाठी म्हणून उंचीचा नकाशा लागतो. एसआरटीएम या अवकाशातून केलेल्या रडार मोजणीचा 30 मीटरचा किंवा इस्रोच्या भुवन या संकेतस्थळावरचा कार्टोसॅट उपग्रहाचा घेऊन त्यावरून पाणी कुठे गोळा होईल ते काढता येतं. पण दाट जंगलात ही उंची बऱ्याचदा जमिनीची नसून झाडांच्या शेंड्यांची असते. त्यामुळे काढलेला नाला खऱ्या नाल्यापासून सरकलेला दिसतो, आणि सपाट धानपट्ट्यात तर सॉफ्टवेअर ओढेच ओढे काढून मोकळं होतं. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या 1:50,000 च्या नकाशाशी ताडून पाहिल्याशिवाय या रेघा क्षेत्रात न्यायच्या नाहीत.

तरीही टेबलावरचं काम तुम्हाला एवढंच सांगतं की कुठे जाऊन बघायचं. बाकीचं गावात समजतं.

गावात आधी ग्रामसभेला आणि गायत्याला (गावाच्या पारंपरिक प्रमुखाला) कल्पना द्यायची, काय करणार, पाण्यात काही टाकणार नाही, फोटो कशाचे काढणार. मग कागदावर मोठा नकाशा पसरायचा आणि पाणी भरणाऱ्या बायकांना विचारायचं. कुठला नाला कधी आटतो, कुठल्या झिऱ्याला, म्हणजे झरणाऱ्या पाण्याच्या खड्ड्याला, मे महिन्यातही पाणी असतं, कुठल्या बोडीचा सांडवा गळतो, हे त्यांना तोंडपाठ असतं. गावात माडिया बोललं जातं, त्यामुळे गावचाच एखादा तरुण सोबत हवा. नाल्यांची नावं माडियातलीच नकाशावर लिहावीत. आरोग्यसेवक बदलून गेला तरी गावाला जागा कळते.

आता अळ्या शोधण्याकडे येऊ. या कामाचा जीव यात आहे.

साहित्य फार नसतं. पांढऱ्या रंगाची, साधारण 300 मिलीलिटरची डावासारखी वाटी, जिला लांब बांबूचा दांडा बांधता येईल अशी. पांढरा ट्रे, ड्रॉपर, दहापट मोठं दाखवणारं भिंग, थर्मामीटर, रुंद तोंडाच्या बाटल्या, 70 टक्के अल्कोहोलच्या कुप्या, शिसपेन्सिल, गमबूट, पॉवर बँक. पेन्सिलच का, तर कुपीत घातलेल्या चिठ्ठीवरची पेनाची शाई अल्कोहोलमध्ये विरघळून जाते. बाहेर चिकटवलेली चिठ्ठी ओली होऊन पडते. चिठ्ठी आत, पेन्सिलने : जागेचा क्रमांक, तारीख, गोळा करणाऱ्याची आद्याक्षरं.

पाण्याजवळ जाताना आपली सावली पाण्यावर पडता कामा नये. सावली पडली किंवा काठ दणाणला की अळ्या क्षणात तळाशी जातात. जवळ जाऊन दोन-तीन मिनिटं थांबायचं. मग वाटी 45 अंशात तिरकी धरून, काठाच्या गवताला लागून, पृष्ठभागावरचं पाणी आत ओढून घ्यायचं. वाटी खोल बुडवली तर पाणी येतं, अळ्या येत नाहीत. नाल्याच्या मधल्या धारेत डुबकी मारणं वाया. अळी असते ती काठाला, गवताच्या मुळांत, शेवाळाच्या पुंजक्यांत, दगडाआडच्या संथ कोपऱ्यात. एका जागी किमान दहा डुबक्या, मोठी जागा असेल तर जास्त, आणि काठाकाठाने पसरून. जनावरांच्या खुरांत साचलेल्या पाण्यात वाटी मावतच नाही. तिथे ड्रॉपरने सगळं पाणी उपसून ट्रेमध्ये घ्यायचं आणि नोंदीत तसं लिहायचं, कारण ही संख्या वाटीच्या संख्येशी जोडता येत नाही.

ट्रेमध्ये पाणी स्थिर झालं की ओळख सोपी आहे. ॲनॉफिलीसची अळी पृष्ठभागाला समांतर, आडवी पडलेली असते. तिला श्वासनळी नसते. क्युलेक्स या हिवताप न पसरवणाऱ्या डासाची अळी डोकं खाली करून तिरपी लटकते. हे गावातल्या पोरांनाही एकदा दाखवलं की जमतं. मोजताना तीन खाने करावेत : लहान अळ्या म्हणजे पहिली-दुसरी अवस्था, मोठ्या म्हणजे तिसरी-चौथी, आणि कोष. अळ्यांची एकूण संख्या भागिले डुबक्या, म्हणजे दर डुबकी घनता. वीस डुबक्यांत चौदा अळ्या, तर 0.7. पण या एकाच आकड्यावर विसंबू नये. एखाद्या डबक्यात लहान अळ्या शेकड्यांनी सापडतात आणि मोठ्या एकही नाही. म्हणजे ते पाणी मध्येच आटतं, धुऊन जातं, किंवा चतुराची पिल्लं आणि मासे त्या खाऊन टाकतात. तिथून डास उडत नाही. 27 ते 30 अंशाच्या पाण्यात अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस तरी लागतात, चार दिवसांत आटणाऱ्या डबक्याला नकाशावर लाल रंग देण्यात अर्थ नाही. मोठ्या अळ्या आणि कोष जिथे सापडतात ती जागा खरी.

प्रत्येक जागेच्या नोंदीत लिहायचं ते असं : प्रकार, लांबी-रुंदी-खोली, पाणी वाहतं की साचलेलं, ऊन की सावली, गवत-शेवाळ, गढूळपणा, मासे आहेत का, पाण्याचं तापमान, जवळच्या घराचं आणि गोठ्याचं अंतर, आणि हे पाणी कोण कशासाठी वापरतं. शेवटचा मुद्दा सोडू नये. लोक ज्या झिऱ्याचं पाणी पितात तिथे अळीनाशकाचा विचार करताना शंभरदा थांबावं लागतं. आणि ज्या पाण्यात एकही अळी मिळाली नाही, जो नाला कोरडा सापडला, त्याचीही तितकीच पूर्ण नोंद करायची. रिकाम्या जागा नोंदल्या नाहीत तर पुढे अळी कुठल्या पाण्यात होते आणि कुठल्या पाण्यात होत नाही हे वेगळं करायला काहीच उरत नाही. थकलेली माणसं हीच नोंद पहिली गाळतात. म्हणून फोनवरच्या नोंदीच्या अर्जात 'शून्य' हा रकाना भरल्याशिवाय पुढे जाता येणार नाही अशी सोय करावी.

नोंदी ओडीके कलेक्ट या फोनवरच्या ॲपवर घेतल्या, ते नेटवर्क नसतानाही चालतं. नेटवर्क नसलेल्या भागात फोनला पहिली जागा पकडायला काही मिनिटं लागतात. घाई केली तर फोन मागच्याच जागेचे आकडे देतो आणि दोन वेगळ्या नाल्यांचे बिंदू एकमेकांवर पडतात. अचूकता 10 मीटरच्या आत आल्याशिवाय बिंदू स्वीकारायचा नाही, असा नियम अर्जातच घालता येतो. दाट झाडीत ती येत नाही. मग जवळच्या मोकळ्या जागी बिंदू घेऊन दिशा आणि पावलांचं अंतर हाताने लिहावं.

कुठल्या जागा फसव्या आणि कुठल्या खऱ्या, याबद्दल थोडं. मामा तलाव मोठा दिसतो म्हणून सगळे आधी तिकडे धावतात. खोल, लाटांचं, मासे असलेलं पाणी अळ्यांना मानवत नाही. तलावाच्या पाळीखाली जो पाझर निघतो आणि गवतात पसरतो, तो तपासावा. हातपंपाच्या ओट्याभोवतीच्या चिखलात बहुतेक क्युलेक्स आणि सबपिक्टस ही ॲनॉफिलीसची दुसरी जात मिळतात, त्रास आहे, हिवताप तिथला नसतो. बांध्यांत रोवणीनंतरचे पहिले काही आठवडे महत्त्वाचे. रोपं लहान, मधलं पाणी उन्हाला उघडं, क्युलिसिफेसीसला हवं तसं. धान फूटभर वाढून दाटलं की तो कमी होतो. आवत्या धानात, म्हणजे जिथे बी फेकून पेरतात तिथे, पाणी उभं राहण्याचं वेळापत्रकच वेगळं असतं. दोन्ही एका रंगात रंगवू नयेत.

वनराई बंधाऱ्यांबद्दल जपून बोलायला हवं, कारण त्या पाण्यावर गावाची रब्बी आणि गुरं असतात. पाऊस संपला की सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत माती-वाळू भरून नाला अडवतात. पोत्यांच्या वरच्या अंगाला पाणी संथ होतं, आठ-पंधरा दिवसांत काठाचं गवत पाण्यात झुकतं, त्यावर हिरवं शेवाळ धरतं. पोत्यांच्या फटींतून निघणारी बारीक धार खाली दगडांत छोटी छोटी कुंडं करते. या दोन्ही ठिकाणी, काठाच्या बोटभर पाण्यात, वाटी फिरवून बघायलाच हवी. बंधारा नको असं कुणी म्हणू नये. आठवड्यातून एकदा मधली दोन-तीन पोती सरकवून पाणी उतरवलं आणि काठ कोरडे पडू दिले, काठाचं गवत कापलं, तर अळ्यांचा दहा दिवसांचा फेरा पुरा होत नाही. बंधाऱ्याचा बिंदू नकाशावर असेल तर हे काम कुणाकडे आणि कोणत्या वारी, हे ठरवता येतं.

अळीवरून जात सांगणं अवघड. अल्कोहोलमध्ये ठेवायच्या अळ्या आधी साधारण 60 अंशाच्या गरम पाण्यात मारून घ्याव्यात, नाहीतर काळ्या पडतात आणि आक्रसतात. जिवंत अळ्या वाढवून डास करणं जास्त खात्रीचं. बाटली अर्धीच भरायची, कारण अळीला श्वासासाठी पृष्ठभाग लागतो. झाकण सैल, बाटलीवर ओलं फडकं, गाडीच्या डिकीत ठेवायची नाही. उपकेंद्रात उथळ भांड्यात त्याच नाल्याचं पाणी, चिमूटभर यीस्ट, वर जाळी. जास्त खाऊ घातलं तर पाण्यावर साय येते आणि सगळ्या अळ्या गुदमरून मरतात. डास निघाला की भिंगाखाली पंख बघायचा : तिसरी शीर बहुतांश काळी तर क्युलिसिफेसीस, बहुतांश फिकी तर फ्लुव्हिएटिलिस. दोघांचेही पुढे उपप्रकार आहेत, काही माणसांना चावणारे, काही गुरांना, आणि ते भिंगातून वेगळे होत नाहीत. त्यासाठी नमुने रेणवीय तपासणीला पाठवावे लागतात.

प्रौढ डासांची मोजणी सकाळी, उजाडताना. कीटक समाहारकांकडे, म्हणजे डास गोळा करणाऱ्या आरोग्य खात्याच्या कर्मचाऱ्यांकडे, हे कसब असतं. टॉर्च आणि तोंडाने ओढायची शोषक नळी घेऊन घरात आणि गोठ्यात, प्रत्येकी पंधरा मिनिटं. डासांची संख्या गुणिले 60, भागिले एकूण मिनिटं, म्हणजे दर मनुष्यतास घनता. नळीच्या तोंडाकडच्या टोकाला बारीक जाळी हवीच. आणि त्या घरात फवारणी कधी झाली ते विचारून लिहावं. फवारलेल्या भिंतीवर डास बसत नाही किंवा बसून मरतो. तिथला शून्य हा डास नसल्याचा पुरावा धरता येत नाही.

इथवर डासांचं झालं. हिवतापाचा धोका काढायचा तर रुग्णांच्या नोंदी जोडाव्या लागतात, आणि सगळ्यात जास्त घोळ इथे होतात.

पहिला घोळ वेळेचा. आजची अळी आणि आजचा रुग्ण यांचा एकमेकांशी संबंध नाही. अळीचा डास व्हायला दहा दिवस. डासाने रुग्णाचं रक्त प्यायलं की फॅल्सिपेरमला डासाच्या अंगात वाढायला ठरावीक ऊब लागते : 16 अंशांच्या वर जितके अंश, त्यांची दिवसागणिक बेरीज 111 व्हावी लागते. 27 अंशाला हे दहा दिवसांत होतं, 20 अंशाला जवळपास अठ्ठावीस दिवस लागतात, आणि इतके दिवस फार थोडे डास जगतात. मग तो चावल्यावर माणसाला ताप यायला नऊ ते चौदा दिवस. वर रक्त तपासेपर्यंतचे एक-दोन दिवस. एकूण पाच आठवडे सहज. म्हणून ऑगस्टच्या शेवटी पाहिलेल्या पाण्याची तुलना ऑक्टोबरच्या सुरुवातीच्या रुग्णांशी करायची. तुलनेसाठी फॅल्सिपेरमचेच रुग्ण घ्यावेत. व्हायव्हॅक्स हा हिवतापाचा दुसरा प्रकार यकृतात दडून महिन्यांनी उलटतो, त्याच्या आजच्या तापाचं पाणी कधीचंच आटलेलं असतं.

दुसरा घोळ जागेचा. नोंदवहीत रुग्णाचं गाव असतं, डास चावल्याची जागा नसते. धान पिकायला लागलं की लोक रानडुकरांपासून पीक राखायला जागलीला जातात, शेतातल्या माळ्यावर किंवा झोपडीत झोपतात, आणि ती झोपडी बऱ्याचदा नाल्याच्या काठावर. मोहफुलं, तेंदूपत्ता, बांबू यांच्या हंगामात मुक्काम रानात. रुग्णाला एकच प्रश्न विचारावा : गेल्या तीन आठवड्यांत रात्री कुठे कुठे झोपलात? तरुण पुरुषांचे रुग्ण जास्त आणि लहान मुलांचे कमी, असं दिसलं तर गावात पाणी शोधत बसण्याऐवजी जागलीच्या झोपड्या नकाशावर घ्याव्यात. सगळ्या वयांत सारखा ताप असेल तर धोका घराजवळ आहे.

तिसरा घोळ तपासणीचा. लांबच्या टोल्यात रक्तनमुने कमी घेतले जातात म्हणून तिथे हिवताप कमी दिसतो. रस्त्याकडेचं गाव वाईट ठरतं, कारण तिथे तपासणी होते. दर हजारी रुग्णांबरोबर किती जणांची तपासणी झाली हाही आकडा शेजारी ठेवावा. साठ माणसांच्या टोल्यात एक रुग्ण निघाला तरी दर हजारी 16.7 येतो, पुढच्या वर्षी शून्य. अशा टोल्यांची निदान तीन वर्षं एकत्र करून बघावीत. रस्त्याचा हाच दोष अळ्यांच्या पाहणीतही शिरतो : गाडी जाते तिथलं पाणी तपासलं जातं आणि मग गणित सांगतं की डास रस्त्याकडेला होतात. कडी पाडून, प्रत्येक कड्यातून चिठ्ठ्या टाकून जागा निवडल्या की हे टळतं. दोन तास चालावं लागलं तरी जायचं.

हे सगळं एकत्र करताना आम्ही गणित साधं ठेवलं. प्रत्येक घरासाठी, आवाक्यातल्या प्रत्येक पाण्याचे गुण : वाहक जातीच्या मोठ्या अळ्या किती, पाणी किती आठवडे टिकतं, अंतर किती. अंतर वाढेल तसा गुण घटतो. हे महिन्यावारी काढायचं, वर्षाचं एकच चित्र करायचं नाही. गुंतागुंतीची प्रतिमानं उपलब्ध आहेत, पण त्यांची परीक्षा घेताना बिंदू सरमिसळ करून अर्धे बाजूला काढले तर एकाच नाल्यावरचे शेजारी शेजारी बिंदू दोन्हीकडे येतात आणि उत्तर खोटं चांगलं दिसतं. अख्खा टोला बाजूला ठेवून, त्याचं भाकीत पुढच्या हंगामाच्या रुग्णांशी जुळतं का ते पाहावं.

नकाशा कामाला यायचा तर तो आशाताईंच्या आणि आरोग्यसेवकांच्या हातात कागदावर हवा. ए-3 आकार, टोल्याची घरं, नाल्यांची गावातली नावं, मोठी झाडं, देवस्थान, शाळा. रंगांचे धुरकट पट्टे त्यांना उपयोगाचे नाहीत. त्यांना हवं ते इतकंच : या आठवड्यात कुठल्या जागा पाहायच्या आणि तिथे काय करायचं. बोडीत आणि विहिरीत गप्पी मासे, बंधाऱ्याचं पाणी उतरवणं, मुरमाचे खड्डे बुजवणं, पाळीखालच्या पाझराला चर. वाहत्या नाल्यात अळीनाशक टिकत नाही. तिथल्या टोल्यांना कीटकनाशकयुक्त मच्छरदाण्या आधी आणि फवारणी हंगामाच्या आधी पूर्ण, आणि जागलीला जाणाऱ्याकडे वेगळी मच्छरदाणी, कारण घरातली एकच असेल तर ती मुलांपाशी राहते, तिथेच राहायला हवी. रुग्णांची नावं आणि घरं या कागदावर कधीही छापू नयेत. टोल्यापर्यंतचाच आकडा द्यावा.

नकाशा जुना होतो तो पावसाने नाही, जेसीबीने. नवा रस्ता, नवी खाण, नवा पूल झाला की मुरमाचे खड्डे पडतात, नाल्याचा प्रवाह वळतो. दर वर्षी मे महिन्यात, पावसाआधी, उकरलेल्या नव्या जागा पायी फिरून जोडाव्यात. दुसरी फेरी रोवणीनंतर, तिसरी दिवाळीच्या सुमारास नाल्यांवर. प्रत्येक फेरीची फाइल वेगळी, नावात वर्ष आणि महिना, जुनीवर नवी कधीही लिहायची नाही. एक प्रत उपकेंद्रात, एक जिल्हा हिवताप कार्यालयात, आणि कागदाची एक ग्रामपंचायतीच्या भिंतीवर, खाली पेन्सिल बांधून, म्हणजे नवा खड्डा ज्याला दिसेल तो तिथेच खूण करू शकेल.